दार आतून लावून घेतलेलं गाव

ई-वाय-ए-एम. इंग्रजीतली चारच अक्षरं. वाचा बघू! 'एयाम'? 'आयम'? छे, साफ चूक! या गावचे लोक आपल्या गावाला नुसतं 'ईम' म्हणतात. स्पेलिंग बघून उच्चार करणारा माणूस परगावचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा दोस्तांनो, आज ज्या गावाला आपण जाणार आहोत त्याचं नाव आधी नीट म्हणून घ्या. ईम!

आता इंग्लंडचा नकाशा समोर उघडा. लंडनवर बोट ठेवा आणि उत्तरेकडे सरकवत न्या. साधारण अडीचशे किलोमीटर गेलात की शेफील्ड हे मोठं शहर लागेल. सुऱ्या, कात्र्या आणि पोलादासाठी एकेकाळी जगभर नाव असलेलं. त्याच्या नैर्ऋत्येला डोंगराळ मुलूख सुरू होतो, त्याला म्हणतात पीक डिस्ट्रिक्ट. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५१ साली याच भागात झालं. पण राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर वाघ-बिबटे डोळ्यांसमोर आणू नका हं! इथं दिसतात त्या मेंढ्या. जिकडे बघावं तिकडे मेंढ्या, हिरवी कुरणं आणि कुरणांच्या मधून धावणारे दगडी गडगे. हो, आपल्या कोकणात असतात तसेच गडगे! चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. या उद्यानात माणसंही राहतात, शेती करतात, शाळेत जातात. डर्बीशायर परगण्यातलं आपलं ईम त्यातलंच एक. वस्ती जेमतेम हजाराच्या आसपास.

गाव लांबट आहे. एकच मोठा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी दगडाची घरं. दारापुढे टीचभर बाग, तिच्यात गुलाब. मध्येच रस्त्याकडेला दगडी डोण्या दिसतात, आपल्याकडे गुरांना पाणी पाजायला असतात ना, तशा. त्या १५८८ सालच्या सांगतात. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळांनी आणून या डोण्यांत सोडलं होतं, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्याही चाळीसेक वर्षं आधी या खेड्यात सार्वजनिक पाणीपुरवठा होता म्हणा ना! थोडं पुढे हिरवळीवर लाकडी खोडा आहे. जुन्या काळी किरकोळ गुन्हा करणाऱ्याचे पाय त्या भोकांत अडकवून त्याला दिवसभर लोकांसमोर बसवून ठेवत. आता तिथं पर्यटक पाय अडकवून फोटो काढून घेतात.

या गावाचं पोट कशावर चालायचं? थोडं मेंढ्यांवर आणि बरंचसं शिशावर. शिसं म्हणजे तोच जड, मऊ, करडा धातू. या डोंगरांच्या पोटात त्याच्या शिरा आहेत आणि रोमन लोकांच्या काळापासून माणसं त्या उकरत आली आहेत. इथल्या खाणींचा जुना रिवाज मोठा गमतीचा. चर्चचं आवार, बाग, फळबाग आणि हमरस्ता एवढं सोडून कोणीही, कोणाच्याही जमिनीत शिसं शोधायला खणू शकत असे! जमीनमालकानं नुसतं बघत राहायचं. खाणवाल्यांचे तंटे सोडवायला त्यांचं वेगळं न्यायालयही असे. तेव्हा ईमची माणसं म्हणजे मूळची कष्टाळू, हट्टी, कोणापुढे सहजासहजी मान न तुकवणारी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

चर्च गावाच्या मधोमध. सेंट लॉरेन्सचं चर्च. त्याच्या अंगणात एक उंच दगडी क्रूस आहे, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या वरच्या खांबाचा एक तुकडा कधीचाच हरवला आहे, त्यामुळे तो थोडा ठेंगू दिसतो. भिंतीवर १७७५ सालचं मोठं सूर्यघड्याळ आहे. पण गावात येणारे बहुतेक पाहुणे क्रूस आणि घड्याळ बघायला येत नाहीत. ते येतात चर्चशेजारची एक साधी, बैठी घरांची ओळ बघायला. त्यातल्या एका घरासमोर हिरवी पाटी आहे. तिच्यावर काही नावं आणि तारखा आहेत. पुढच्या घरासमोरही पाटी आहे. त्याच्या पुढच्याही.

आता आपण १६६५ सालात जाऊ.

त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं होतं. एका वर्षात त्या एकट्या शहरात सत्तर हजारांच्या आसपास मृत्यूंची नोंद झाली, आणि खरा आकडा लाखाच्या घरात असावा असं इतिहासकार मानतात. ईमला याची बातमी होती, पण लंडन पडलं लांब. घोड्यावरून जायचं तरी कितीतरी दिवसांचा रस्ता. डोंगरातल्या खेड्याला कसली भीती?

ऑगस्टच्या अखेरीला गावची जत्रा असायची. जत्रा म्हणजे नवे कपडे आलेच. अलेक्झांडर हॅडफील्ड नावाच्या शिंप्यानं लंडनहून कापड मागवलं होतं. कापडाचा गठ्ठा आला, तो त्याच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्सनं सोडला. कापड दमट लागलं, म्हणून त्यानं ते शेकोटीपुढे वाळत घातलं. बस, एवढंच! ऊब मिळाल्यावर कापडातल्या पिसवा जाग्या झाल्या, असं आता मानलं जातं. थोड्याच दिवसांत व्हिकर्सला सणसणून ताप भरला, अंगावर गाठी आल्या आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याला पुरण्यात आलं. दोन आठवड्यांनी त्याच घरातला लहानगा एडवर्ड कूपर गेला. मग त्याचा भाऊ जोनाथन. मग शेजारचे. मग समोरच्या घरातले. त्या मुलांची आई मेरी मात्र वाचली. पण सगळं संपल्यावर तिनं मोजलं असेल तर तिच्या नात्यातली तेरा माणसं गेली होती. हिरवी पाटी लावलेलं ते पहिलं घर तिचंच.

हिवाळा आला तशी साथ मंदावली. थंडीत पिसवाही सुस्तावतात. लोकांना वाटलं, सुटलो. पण पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून १६६६ मध्ये, ती पुन्हा उसळली, आणि आता गावात एकच चर्चा सुरू झाली : पळायचं. गावातली काही श्रीमंत घरं तर आधीच गाशा गुंडाळून निघून गेली होती.

इथं आपल्याला दोन माणसांची ओळख करून घ्यायला हवी. एक विल्यम माँपेसन. चर्चचा नवा धर्मगुरू. वय तिशीच्या आतलं, शिकलेला, बायको कॅथरीन आणि दोन लहान मुलं. गावात येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. दुसरा टॉमस स्टॅन्ली, आधीचा धर्मगुरू. १६६२ साली सरकारनं कायदा केला, की सगळ्या चर्चमध्ये एकाच ठरावीक पुस्तकातून प्रार्थना झाल्या पाहिजेत. स्टॅन्लीला ते मान्य नव्हतं. असल्या न ऐकणाऱ्या धर्मगुरूंना चर्च सोडावं लागलं, तसं त्यालाही लागलं. पण गावकऱ्यांचा जीव होता त्याच्यावर! आणि नव्याकडे ते जरा तिरक्या नजरेनंच बघायचे. म्हणजे बघा, एकाच्या हातात अधिकार, पण लोक ऐकत नाहीत. दुसऱ्याचं लोक ऐकतात, पण त्याला अधिकार नाही. आणि धर्माच्या बाबतीत दोघांची तोंडं दोन दिशांना.

हे दोघं एकत्र आले. माझ्या मते ईमच्या गोष्टीतली ही सगळ्यात अवघड घटना, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मरणाला भिऊ नका असं म्हणणं एक वेळ सोपं, पण ज्याच्याशी पटत नाही त्याच्या दारात जाऊन 'चला, मिळून काम करू' म्हणणं? तुमच्या वर्गातल्या भांडणात हे करून बघा, म्हणजे कळेल.

दोघांनी गावकऱ्यांपुढे तीन गोष्टी ठेवल्या. पहिली, मेलेल्या माणसाला चर्चच्या अंगणात न नेता ज्यानं त्यानं आपल्या घराजवळ, शेतात, परसात पुरायचं. दुसरी, चर्चला कुलूप. रविवारची प्रार्थना उघड्यावर, गावाजवळच्या 'ककलेट डेल्फ' नावाच्या हिरव्या दरीत, प्रत्येक कुटुंबानं दुसऱ्यापासून लांब उभं राहून. आणि तिसरी, सगळ्यांत कठीण : साथ संपेपर्यंत गावाबाहेर कोणी जायचं नाही आणि बाहेरच्यानं आत यायचं नाही. गावाभोवती साधारण अर्ध्या मैलाची शीव ठरवली गेली. तिथं भिंत नव्हती. तारेचं कुंपण नव्हतं. बंदुका घेतलेले शिपाई तर मुळीच नव्हते.

मग खायचं काय? थोड्या अंतरावर चॅट्सवर्थ नावाचा भला मोठा वाडा आहे, डेव्हनशायरच्या अर्लचा. अर्ल म्हणजे आपल्याकडचा मोठा जहागीरदार समजा. गावकरी जागेवर थांबणार असतील तर त्यांना अन्न आणि औषधं पुरवायची त्यानं तयारी दाखवली. आजूबाजूच्या गावांनीही मदत केली. पण सामान द्यायचं कसं? त्यासाठी शिवेवर काही जागा ठरल्या. स्टोनी मिडल्टन या शेजारच्या गावाहून ईमकडे येणाऱ्या पाऊलवाटेवर एक मोठा दगड आजही आहे. त्यावर सहा भोकं कोरलेली आहेत. ईमचे लोक त्या भोकांत नाणी टाकायचे आणि वर व्हिनेगर ओतायचे, म्हणजे नाण्यांवरचं 'विष' मरेल. पलीकडचे लोक सामान ठेवून, नाणी उचलून निघून जायचे. देणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. दुसरी जागा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका झऱ्याशी. तिला आता माँपेसनची विहीर म्हणतात. तिथं नाणी वाहत्या पाण्यात ठेवायचे. जंतू म्हणजे काय हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं, हे विसरू नका. तरी हात न लावण्याची, अंतर राखण्याची, नाणी धुण्याची अक्कल त्यांनी चालवली.

तुम्ही ईमला गेलात तर स्टोनी मिडल्टनच्या बाजूनं त्या पाऊलवाटेनंच चढून जा. बस थेट गावातही नेऊन सोडते, पण हा रस्ता पायी चालण्याजोगा आहे. शेतं, गडगे, चरणाऱ्या मेंढ्या आणि मध्येच तो दगड. बोटं घालून बघा त्या भोकांत. साडेतीनशेहून अधिक वर्षं लोक बोटं घालून बघत आले आहेत, त्यामुळे कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

जुलै १६६६ मध्ये सुमारे ५६ माणसं गेली, ऑगस्टमध्ये ७८. एवढ्याशा गावात रोज दोन-तीन माणसं!

गावाच्या पूर्वेला, उघड्या माळावर रायली नावाची शेतवाडी होती. तिथं हॅनकॉक कुटुंब राहत असे. ऑगस्टमध्ये त्या घरात साथ शिरली आणि आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गेली. आई एलिझाबेथ एकटी उरली. पुरायला मदत करायला कोणी येणार नव्हतं, तो नियमच होता. तिनं एकेकाला ओढत शेतात नेलं, स्वतः खड्डा खणला आणि पुरलं. सात वेळा. पलीकडच्या टेकडीवरून स्टोनी मिडल्टनचे लोक हे बघत होते, पण शीव ओलांडून कोणी आलं नाही, असं सांगतात. सगळं झाल्यावर ती शेफील्डला गेली. तिथं तिचा एक मुलगा आधीपासून कामावर होता, तेवढाच उरला. माळावर आजही एक गोल दगडी गडगा आहे आणि त्याच्या आत ते थडग्यांचे दगड. तिथं वारा जोराचा असतो. आजूबाजूला घर नाही. काही जागा अशा असतात, की तिथं गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो.

आणि एमट सिडल? ईमची ही तरुण मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं स्टोनी मिडल्टनच्या रोलंड टॉरशी. गावात साथ आल्यावर दोघं भेटेनात, नुसते दरीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना बघत, असं म्हणतात. एप्रिल १६६६ च्या अखेरीस एमट यायची थांबली. रोलंड मात्र आशेनं येत राहिला. गाव खुलं झाल्यावर आत शिरणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता, तेव्हा त्याला कळलं.

सगळीच माणसं साधुसंत होती असं मात्र समजू नका! मार्शल हाऊ नावाचा एक धिप्पाड खाणकामगार होता. त्याला प्लेग झाला आणि तो त्यातून उठला, तेव्हा आपल्याला आता काही होत नाही अशी त्याची खात्री झाली. ज्यांच्या घरी पुरायलाही कोणी उरलं नव्हतं त्यांना तो पुरायचा, आणि मोबदला म्हणून त्यांच्या घरातलं सामान, कपडे उचलून न्यायचा. ऑगस्टअखेरीस त्याची बायको आणि मुलगा दोघंही प्लेगनं गेले. त्या आणलेल्या कपड्यांमुळेच का? कोण सांगणार? त्यानंतर कितीतरी वर्षं ईममधल्या आया दंगा करणाऱ्या पोरांना 'मार्शल हाऊ येईल हं' अशी भीती घालत.

धर्मगुरू माँपेसनबद्दलही एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो मुलंच विचारतात. त्यानं स्वतःची दोन्ही मुलं गाव बंद होण्याआधी बाहेर, यॉर्कशायरला पाठवून दिली होती. मग बाकीच्यांच्या मुलांचं काय? तुमचं मत काय ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो, की कॅथरीननंही मुलांबरोबर जावं म्हणून त्यानं तिची मनधरणी केली, पण ती गेली नाही. नवऱ्याबरोबर घरोघरी आजाऱ्यांना बघत राहिली. २५ ऑगस्ट १६६६ रोजी ती गेली. तिची कबर चर्चच्या अंगणात आहे, त्या जुन्या क्रुसाजवळच.

शेवटचा मृत्यू झाला १ नोव्हेंबर १६६६ ला. त्याच महिन्यात माँपेसननं एका पत्रात हिशोब लिहिला : ७६ कुटुंबांत साथ शिरली, २५९ माणसं गेली. गावात एकूण माणसं किती होती यावर अजून वाद आहे. पूर्वी साडेतीनशे सांगत, आता अभ्यासक सातशेच्या आसपास म्हणतात. म्हणजे दर तीन माणसांतलं एक तरी गेलंच. पण साथ आजूबाजूच्या गावांत फैलावली नाही.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आपण आत्ता ऐकलेल्या हकिगतींपैकी प्रत्येक शब्द कागदोपत्री सिद्ध झालेला आहे असं नाही. मृतांची नावं आणि तारखा चर्चच्या वहीत आहेत. माँपेसनची पत्रं आहेत. पण एमट आणि रोलंडसारख्या बऱ्याच गोष्टी तोंडातोंडी चालत आल्या आणि विल्यम वुड नावाच्या गावकऱ्यानं १८४२ साली छापलेल्या गावच्या इतिहासात त्या विस्तारानं आल्या. मधली दीडशेहून जास्त वर्षं लोक त्या सांगत होते. सांगता सांगता गोष्टीला तिखटमीठ लागतंच! काही इतिहासकार तर असंही म्हणतात, की गरीब खाणकामगारांना पळून जायला जागाच कुठं होती? गेले असते तर पुढच्या गावानं दगड मारून हाकललं असतं. यात तथ्य आहे. ईमची एक बाई टाइड्सवेलच्या बाजाराला गेली आणि ओळखली जाताच लोकांनी तिला चिखल आणि हाती लागेल ते फेकून पिटाळलं, अशी गोष्ट ईममध्येच सांगतात. तरीही मला वाटतं, शिवेवर पहारा नसताना वर्षाच्या ऐन कठीण महिन्यांत इतकी माणसं जागेवर राहिली, ती नुसती नाइलाजानं राहिली असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. अंधारात डोंगर ओलांडून निसटणं खाणकामगाराला जड नव्हतं.

प्लेग नेमका होतो कशानं, हे कळायला पुढे आणखी सव्वादोनशे वर्षं जावी लागली, आणि त्या शोधाचा धागा आपल्या दारापर्यंत येतो बरं का! १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यानं प्लेगचा जंतू शोधला. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला. १८९८ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं एका बरणीत आजारी उंदीर ठेवला आणि त्याच्याजवळ जाळीत निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण पिसवा जाळीतून उडी मारू शकतील अशी व्यवस्था. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. पिसवाच प्लेग पसरवतात, हे त्यातून पुढे आलं. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १८९७ मध्ये, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिननं प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

आणि पुणं? १८९७ चं पुणं तर तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलंच आहे. तिथंही प्लेग होता, तिथंही रोग्यांना वेगळं ठेवलं गेलं. पण रँडच्या हुकमानं गोरे शिपाई घरात घुसून माणसं ओढून नेत. लोक रोग लपवू लागले, चिडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकांना अडवून ठेवायचं हे काम दोन्हीकडे एकच होतं. ईममध्ये ते लोकांना विचारून झालं, पुण्यात लोकांच्या दारावर लाथ मारून झालं. त्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. कॅथरीन माँपेसनची गोष्ट वाचताना मला तरी सावित्रीबाईच आठवतात.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ईमच्या वहीतली नावं, तारखा, घरं संगणकात घालून पाहिली. त्यांना असं दिसलं, की उंदरांच्या पिसवांपासून थेट लागण झालेले लोक साधारण पाव हिस्सा असावेत. बाकीच्यांना ती माणसापासून माणसाला झाली असावी, आणि बऱ्याचदा एकाच घरात. म्हणजे दरीत लांब लांब उभं राहून केलेली प्रार्थना आणि घराजवळचं पुरणं हे अगदीच वाया गेलं नाही. पण घर मात्र घराला वाचवू शकलं नाही. रस्त्यावरच्या 'रोज कॉटेज' या घराच्या पाटीवर थॉर्प कुटुंबातल्या नऊ जणांची नावं आहेत. नवांपैकी नऊ. आज प्लेगवर औषधं आहेत, वेळेवर घेतली तर माणूस बरा होतो. हे औषध त्या थॉर्प मंडळींच्या काळात असतं तर, असं पाटी वाचताना वाटून जातं.

सगळं संपल्यावर त्या दोन धर्मगुरूंचं काय झालं? स्टॅन्ली १६७० मध्ये ईममध्येच वारला. माँपेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या ईक्रिंग गावी बदलून गेला. तीन वर्षं उलटली होती, तरी तिथले लोक त्याला गावात घ्यायला घाबरले. 'प्लेगच्या गावचा माणूस' ना! सुरुवातीला त्याला म्हणे एका रानात झोपडीत राहावं लागलं आणि झाडाखाली उभं राहून प्रवचन करावं लागलं.

आजचं ईम उदास आहे, असं वाटलं असेल तर तसं अजिबात नाही. ऑगस्टअखेरीला जत्रा अजून भरते. डर्बीशायरची एक सुंदर चाल आहे. विहिरी आणि झरे सजवायचे. ओल्या मातीच्या फळ्यांवर हजारो पाकळ्या, पानं, बिया दाबून बसवून मोठी चित्रं करायची आणि ती पाण्याच्या जागी उभी करायची. आपल्या फुलांच्या रांगोळीची ही उभी बहीण! ईमच्या विहिरीही तेव्हा अशा नटतात. त्याच दिवसांत, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, गावातली माणसं मिळून ककलेट डेल्फच्या दरीत जातात आणि तिथं उघड्यावर प्रार्थना होते. कॅथरीनच्या कबरीवर फुलं वाहिली जातात. २०२० च्या टाळेबंदीत जगभरातल्या वर्तमानपत्रांना अचानक या एवढ्याशा गावाची आठवण झाली होती.

गावात एक छोटं संग्रहालयही आहे. एका जुन्या प्रार्थनामंदिरात ते १९९४ साली सुरू झालं. आत घराघराची हकीगत मांडलेली आहे. आत शिरण्याआधी मात्र मान वर करून छपराकडे बघा. वाऱ्याची दिशा दाखवायला इंग्लंडमध्ये घरांवर बहुधा लोखंडी कोंबडा असतो. इथं कोंबडा नाही. तिथं उंदीर बसवला आहे आणि वारा फिरेल तसा तोही गरगर फिरत असतो.